वहीतले नाकतोडे

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, लेकीच्या नाही. देवापुढे हात जोडले तेव्हा देवाच्याही नाही — त्याला ठाऊकच असेल म्हणून गप्प राहिले, की त्यालाही सांगायचं धाडस झालं नाही, कोण जाणे. बोलायला मी पहिल्यापासून कच्ची. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. लिहिताना निदान समोर कुणाचं तोंड नसतं. तुम्ही कोण, मला माहीत नाही. ओळखीचं माणूस भिंतीला टेकून बसलंय असं समजून लिहिते आहे.

गोष्ट एका जनावराची आहे. जनावराची म्हणजे — नाही, माझीच आहे. पण जनावरापासून सुरुवात केली तर हात जरा पुढे सरकेल.

मी मळवलीकडच्या एका वाडीतली. आमच्या ओसरीवर शाळेचे मास्तर भाड्यानं राहायचे, म्हणून वडिलांना मला शाळेत घालावंच लागलं, नाहीतर पोरीला कोण पाठवतंय? चौथी झाले. मग लग्न होऊन लोणावळ्याला आले. आमचे मालक एका बंगल्यावर माळी होते. मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो — मालक, सासूबाई आणि मी. लग्नानंतर सहा वर्षं माझ्या हाताला पेन्सिल लागली नाही. वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचायची, तोही कुणी बघत नाही ना ते पाहून.

बंगला रावसाहेबांचा. रावसाहेब ही त्यांची सरकारी पदवी, नाव मी लिहीत नाही. सगळा जन्म त्यांनी जंगलखात्यात, कारवारकडच्या रानांत काढला होता. बायको वारलेली, मूल नाही. लोणावळ्याला हवेसाठी आले आणि राहिले. माणूस चांगला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कुणाला वाटेल की ते कडक होते म्हणून मी घाबरले. तसं नव्हतं. कडक असते तर मला जरा तरी लपायला जागा मिळाली असती.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची, चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. वैशाखात त्यांच्या हाताखालचा एक जुना रखवालदार दक्षिणेकडून रेल्वेनं आला. बरोबर वेताची करंडी, वर ओलं फडकं. फडकं काढलं तर आत लोकरीचा गुंडा. मग त्या गुंड्यातून एक हात बाहेर आला. माणसाचा हात — बाळाचा असतो तसा, बोटांना नखं, तळव्याला रेघा. सासूबाई एकदम मागं सरल्या. "अगं बया, ह्ये तर मानसाचं प्वार! असल्याला कोंडून ठिवत्यात व्हय?"

रावसाहेब हसले. त्याला त्यांच्याकडे वनमाणूस म्हणतात असं त्यांनी सांगितलं. वानराच्याच जातीतलं, पण रात्री हिंडणारं, एकटं राहणारं. मांजराच्या पिल्लाएवढं अंग, शेपूट नाही, हातपाय काटक्यांसारखे लांब आणि बारीक. आणि डोळे — सगळं तोंडच डोळ्यांचं. मादी होती. मी तिला नाव ठेवलं नाही, नुसतं 'ती' म्हणायची. मालक मात्र गड्यांत बसून चेष्टा करायचे, "रावसायबांनी म्हातारपनी बाईल आनली, आन् ती बी दिसभर झोपनारी."

ती आणली कशाला? हे सांगायलाच हवं, कारण सगळं त्याच्यावर आहे. तिकडच्या रानात लोक या जनावराला पकडतात. कुणी त्याच्या डोळ्यांचं औषध करतं, कुणी करणीसाठी नेतं, कुणी नुसतं दिसलं तरी अपशकुन म्हणून मारतं. रावसाहेबांनी नोकरीत असताना पकडणाऱ्यांकडून कितीतरी सोडवली होती. पण सोडवलेली जनावरं जखमी असायची, उपाशी असायची, आणि चार दिवस सांभाळून रानात सोडावीत म्हटलं तर त्यांना घालायचं काय हेच कुणाला माहीत नव्हतं. हातातच मरायची. "हे कुणीतरी नीट बघून लिहून ठेवायला हवं," ते म्हणायचे. "मी मेल्यावर तरी एखाद्याला उपयोगी पडेल." ही मादी पोटुशी होती. तिला पिल्लू होऊन ते जगलं असतं, तर ते कसं जगलं हे पुढच्यांना कळलं असतं.

लिहायला कुणीतरी हवं होतं. रावसाहेबांना दिवेलागणीनंतर नीट दिसत नसे, आणि ती तर उठायचीच दिवेलागणीला. मालकांना अक्षर येत नव्हतं. त्यांनीच सहज सांगितलं की आमच्या मंडळीला लिहिता येतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रावसाहेबांनी मला बोलावून एका कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. त्यांनी कागद खिडकीशी नेऊन वाचला आणि म्हणाले, "अक्षर स्वच्छ आहे हो, साळूबाई."

साळूबाई. तोवर मी 'महादूची बायको' होते.

निळ्या पुठ्ठ्याची वही दिली. प्रत्येक पानावर त्यांनी स्वतः रेघा मारल्या होत्या — वार, काय दिलं, किती दिलं, किती खाल्लं, शी कशी झाली. आणि एकच नियम सांगितला. जो हात खायला घालील तोच हात लिहील. दुसऱ्यानं सांगितलेलं लिहायचं नाही. दिवेलागणीला मी त्या खोलीत जायची. खोलीत झाडाच्या फांद्या बांधल्या होत्या आणि खिडकीला जाळी होती. कोपऱ्यात कंदील बारीक करून मी बसायची. ती हळूहळू उलगडायची. एक हात घट्ट धरल्याशिवाय दुसरा सोडायची नाही, घाई कसली ती नाहीच. हातापायांना स्वतःचं मूत चोळायची, खोलीला उग्र वास यायचा. नाकतोडा दिसला की थांबायची आणि बघत राहायची, इतका वेळ की मीच श्वास धरून बसायची. मग दोन्ही हात एकदम. डोक्याकडून खायला सुरुवात, आणि खाताना डोळे मिटलेले, कसली तरी चव पुरवून घेतल्यासारखे. मी लिहायची, "नाकतोडे बारा. सगळे खाल्ले." ते वाक्य लिहून मी त्याच्याकडे बघत बसायची. माझं वाक्य! रावसाहेब सकाळी ते मोठ्यानं वाचायचे.

तुम्हाला कधी अशी कशाची हाव लागली आहे? खायची नाही, दागिन्याची नाही. मला त्या वहीची हाव लागली होती. हे आज लिहिताना कळतंय. तेव्हा मी तिला नुसतं काम म्हणत होते.

नाकतोडे आणायची हिरामावशी. वरच्या ठाकरवाडीतली, पन्नाशीची, नवरा गेलेला. त्या साली तिचं छप्पर बसलं होतं, म्हणून रावसाहेबांनी तिला तिच्या शेळीसकट बंगल्याच्या मागच्या पडवीत राहायला दिलं होतं. सकाळी दवात किडा जड असतो, उडत नाही, तेव्हा ती माळावर जायची आणि कळकाच्या बांबूच्या पोकळ पेरात नाकतोडे भरून तोंडाला पानाचा बोळा लावून आणायची. दारातूनच ओरडायची, "घ्या, तुमच्या बाईसायबाचा शिधा!" बारा म्हणजे बारा. मोजता यायचं नाही तिला, बोटांच्या पेरांवर धरायची, पण कधी चुकली नाही.

आता मला ते लिहायचं आहे, आणि बघा, पुन्हा मी शेळीबद्दल लिहायला लागले.

मला दिवस गेले होते. तिसऱ्यांदा. आधीची दोन पाचव्या महिन्यात गेली होती. सासूबाई या वेळी कुणाचंही ऐकणार नव्हत्या. गावच्या देवीपुढे त्यांनी माझ्या वतीनं नवस बोलला, की आखाडी एकादशीपासून चार महिने हिच्या हातानं मुंगीसुद्धा मरायची नाही. मी पाणी दोनदा गाळून घ्यायची. चूल पेटवायच्या आधी लाकडं आपटून घ्यायची, आत किडा असला तर जावा म्हणून. डोक्यात ऊ झाली तर सासूबाई स्वतः काढायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत.

आणि रोज दिवेलागणीला बारा जीव.

एकादशीच्या दिवशी मी ते कळकाचं पेर हातात घेऊन मागच्या दारी उभी राहिले. आत खडखडत होते. मी मारणार नव्हते, मी फक्त सोडणार होते. मारणार ती होती. पण हाताला ते पटेना. पोटावरचा हात एक सांगत होता आणि पेर धरलेला हात दुसरं. शेवटी मी घाणेरीच्या कुंपणाशी गेले, बोळा काढला आणि पेर उलटं केलं. नाकतोडे ओल्या पानांवर बसून राहिले. मी खोलीत गेले आणि वाटीत दूधभात आणि केळं कुस्करून ठेवलं.

ती आली. वास घेतला. जीभ लावली. थोडं चाटलं. मला बरं वाटलं — खोटं का सांगू, फार बरं वाटलं. वाटलं, हीही पोटुशी, मीही पोटुशी, असल्या दिवसांत किडे खाण्यापेक्षा दूधभात बराच की. गरवार बाईला आम्ही तेच देतो. चार महिने निघतील.

मग वही उघडली. 'काय दिलं' या रकान्यापाशी थांबले. दूधभात लिहिलं तर रावसाहेब विचारणार, का? मग नवस सांगायचा. नवस सांगायचा म्हणजे दिवस गेलेत ते सांगायचं — त्या म्हाताऱ्या परक्या पुरुषाला, माझ्या तोंडानं. आणि सांगितलं तर ते म्हणाले असते, मग चार महिने दुसरं कुणी घालू दे. जो हात घालील तोच हात लिहील.

मी लिहिलं, "नाकतोडे बारा. सगळे खाल्ले."

पहिल्या दिवशी हात अडखळला. आठव्या दिवशी नाही. अक्षर उलट जास्तच स्वच्छ यायला लागलं.

दर सोमवारी रावसाहेब तिला कापडी पिशवीत घालून तराजूत तोलायचे. एकादशीच्या आधल्या सोमवारी ती बावीस तोळे भरत होती. पोट दिसत होतं. दोन सोमवारांनी वीस भरली. मग एकोणीसला आली. पोट तेवढंच आणि बाकी सगळी गळत चाललेली. शी पातळ व्हायला लागली. ते मी लिहिलं नाही, पण ते फांद्यांवर दिसत होतं. रावसाहेब वही पुन्हा पुन्हा चाळायचे. "बाराच्या बारा खाते आणि खंगते? हे कसं, साळूबाई?" मी पदराचं टोक बघत उभी राहायची. त्यांचा प्रश्न मला नव्हताच, ते स्वतःशीच बोलत. माझ्या वहीवर त्यांना शंका आली नाही. एकदाही नाही.

थांबवता आलं असतं का? आलं असतं. रोज आलं असतं. हिरामावशी एकदा विहिरीवर मला म्हणाली, "बाय, तुमच्या सासूनं सांगितलं मला मुंगीचं. मंग तुमी कशाला किडं घालताय? मी घालते की. आमाला कुटला आलाय चातुर्मास!" आणि हसली. केवढं सोपं होतं. तिनं खोलीत जायचं, पेर उघडायचं, परत यायचं. नवस राहिला असता, फांदीवरची ती राहिली असती, तिची पोरं राहिली असती. मी म्हणाले, "नको, मी बघते." का म्हणाले? वही हिच्या हाती जाणार नव्हती, हिला लिहिता येत नव्हतं. पण घालणारा हात माझा नाही म्हटल्यावर लिहिणाराही राहिला नसता. रावसाहेबांनी दुसरा कुणी शोधला असता, एखादा शाळेतला मास्तर. आणि मी पुन्हा महादूची बायको.

एवढ्यासाठी. तुम्हाला वाचताना हे क्षुल्लक वाटेल. मलाही वाटतं.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ती सतरा तोळे भरली. रावसाहेबांनी पिशवी खाली ठेवली आणि हिरामावशीला बोलवायला सांगितलं. त्यांच्या डोक्यात काय आलं होतं ते मला तेव्हा कळलं. रुईच्या झाडावर रंगीत टोळ असतात, रुईचा चीक खाऊन ते विषारी होतात. पावसानं माळावर किडा मिळेना म्हणून हिनं रेल्वेच्या बांधावरच्या रुईवरून आणले असतील, असं त्यांना वाटलं. ते ओरडले नाहीत, नीट विचारलं.

हिरामावशी दारात भिजलेली उभी होती. "रुईला माजं शेरडू तोंड लावत न्हाई सायेब, आन् मी त्येच्यावरला किडा आनीन व्हय? मी काय काल रानात आली?"

"मग ती खंगते कशानं? वहीत रोज बारा आहेत."

"बारा मी देते. म्होरलं बायच्या हातात." तिनं माझ्याकडे बघितलं. "बायला इचारा."

रावसाहेब माझ्याकडे वळले. "साळूबाई, तूच घालतेस ना?"

"हो."

"बाराच्या बारा?"

"हो."

"आणि ती खाते?"

मी मान डोलावली.

हिरामावशीला नवस माहीत होता. आखाडीपासून माझ्या हातानं मुंगी मरत नाही हे तिला माहीत होतं, आणि मी बारा नाकतोडे घालते म्हणून सांगत होते. तिला कळलंच असणार. तिची नजर माझ्या तोंडावरून पोटावर आली आणि तिथंच थांबली. ती एक शब्द बोलली नाही. का नाही बोलली? बोलली असती तर मी वाचले असते, असंही मी कधीकधी म्हणते — म्हणजे तेही तिनंच करायचं होतं!

रावसाहेब तिला म्हणाले, "पडवीत राहा तू पावसाळाभर. पण जनावराकडे आता फिरकू नकोस." त्यांनी तिला काढलं नव्हतं. तीच गेली. त्याच दुपारी पावसात, शेळी पोत्याखाली घेऊन. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "गरिबाला मान लय आसतो."

मग मी नवस मोडला. त्याच दिवशी दिवेलागणीला बागेत सापडले तेवढे नाकतोडे घेऊन खोलीत गेले. सासूबाईंना सांगितलं नाही. ती फांदीच्या बेचक्यात बसली होती. मी नाकतोडा अगदी तिच्या पुढ्यात सोडला. तिनं बघितलं. नाकतोडा सरकत सरकत तिच्या हातावर चढला. तिनं मूठ मिटली नाही. तो तिच्या मनगटावर बसून मिशा हलवत राहिला आणि ती त्याच्याकडे त्या एवढ्या मोठ्या डोळ्यांनी बघत राहिली. मी तिची बोटं माझ्या बोटांनी मिटवून बघितली. ती परत उघडली.

त्या दिवशीही मी लिहिलं. "नाकतोडे बारा. सगळे खाल्ले."

तिसऱ्या सकाळी ती फांदीला धरूनच मेलेली सापडली. हात सुटत नव्हते. रावसाहेबांनी एकेक बोट सोडवलं. मग त्यांनी तिचं पोट उघडलं, त्यांच्या शिक्षणात ते बसत होतं. मला परात धरायला सांगितली. मी धरली. पोटात दोन होती. अंगठ्याएवढी. डोळे मिटलेले, आणि हात — पण हातांचं मी एकदा लिहिलं आहे, पुन्हा लिहीत नाही. रावसाहेबांनी माझ्या हातून परात घेऊन खाली ठेवली. मग म्हणाले, "तू तुझं काम चोख केलंस हो. वाईट वाटून घेऊ नकोस."

पौषात मला मुलगी झाली. धडधाकट. सासूबाईंनी देवीला चोळीखण वाहिला, नवस फळला म्हणाल्या. मी बाळंतिणीच्या खाटेवर पडून बघत होते. पोरीनं माझं बोट पकडलं होतं आणि सोडत नव्हती.

हिरामावशीचं काय झालं ते सांगते. गड्यांनी गावभर केलं होतं की ठाकरणीनं रावसाहेबांच्या जनावराला विषारी किडा घातला. मग तिची रानभाजी कुणा बंगल्यावर घेईनात. शेवळं, कुरडू, काहीच नाही. जी बाई जनावराला विष देते तिच्या हातची भाजी कोण खाणार? ती मळवली स्टेशनाशी टोपली घेऊन बसायला लागली, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. लेक तीन वर्षांची असताना मी माहेरी जाताना तिला तिथं बघितलं. मला वाटलं तिनं बघू नये. तिनं बघितलं. लेकीला जवळ ओढून म्हणाली, "हीच व्हय ती?" आणि तिच्या ओच्यात मूठभर करवंदं टाकली. मी उभी राहिले. तोंड उघडलंही असेल मी. पण गाडी आली आणि मी गाडीत बसले.

इथं थांबले तर तुम्हाला वाटेल संपलं. ती मेल्यावर मलाही वर्षभर तसंच वाटलं होतं. जे झालं ते झालं, आता कुणाचं काय बिघडायचं राहिलंय?

रावसाहेबांनी तिच्यावर इंग्रजीत एक लेख लिहिला होता. तो जनावरांचा अभ्यास करणाऱ्या जाणत्या लोकांच्या एका मासिकात छापून आला. त्यांनी मला बोलावून एकेक ओळ मराठीत सांगितली. त्यात होतं की रोज पूर्ण बारा नाकतोडे खाऊनही पोटुशी मादी खंगत गेली. बाहेरून आणलेला किडा कुठल्या झाडावरचा ते कळत नाही, त्यात विष असू शकतं. म्हणून सोडवलेल्या जनावरांना किडे न घालता घरातल्या खात्रीच्या दूध, भात आणि केळं यांवर ठेवणं सुरक्षित. आणि शेवटी होतं, ही नोंद साळूबाई नावाच्या बाईनं रोज न चुकता, अत्यंत विश्वासानं ठेवली. त्यांनी माझं नाव बोटानं दाखवलं. इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नव्हती. पण मी ती बघितली.

पुढं दोन वर्षांनी दक्षिणेतून एक पत्र आलं. तिकडे एक गृहस्थ पकडणाऱ्यांकडून ही जनावरं सोडवून सांभाळत होते. त्यांनी लेख वाचून तसंच केलं होतं. किडे बंद केले आणि दूधभात दिला. चार होती, चारही गेली. आता आणखी दोन हाती आली आहेत, त्यांत एक पोटुशी आहे. त्यांना काय घालू? तुमच्या वहीतली नोंद पक्की आहे ना, एवढं कळवावं.

रावसाहेब तेव्हा फार थकले होते. डोळ्यांत पडदा आला होता. त्यांनी पत्र मला सांगितलं आणि म्हणाले, "साळूबाई, जुनं आहे, पण नीट आठव. तुझ्या वहीत कुठे चूक तर नाही ना?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. सासूबाई वारल्या होत्या. नवस कधीच संपला होता. वही कपाटात होती, आता तीत कुणी लिहीत नव्हतं, माझ्याकडून काढून घ्यायलाही कुणी नव्हतं. ते रागावले नसते. मला माहीत होतं, ते रागावले नसते. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं असतं — आणि त्यांना तर आता माझं तोंड नीट दिसतही नव्हतं. दोन जीव तिकडे करंडीत होते, जिवंत. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणाले, "नाही."

"मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. मग डोळ्यांशी कागद धरून त्यांनी उत्तर लिहिलं, चार ओळी. पाकीट चिकटवून माझ्या हाती दिलं.

मी ते घेऊन पोस्टाकडे गेले. पाऊस नव्हता. घाई नव्हती. पेटीपाशी मी उभी राहिले, एक बाई माझ्या पुढून येऊन तिचं पत्र टाकून गेली, तरी उभीच होते. पाकीट फाडता आलं असतं. परत जाता आलं असतं, बंगला काही लांब नव्हता.

मी पत्र टाकलं. आत पडल्याचा आवाज आला. मग घरी येऊन पीठ मळलं आणि भाकऱ्या केल्या.